सापडली म्हणजे काय, हरवली होती का?

2024च्या ऑक्टोबरमध्ये एक बातमी सगळीकडे फिरली. आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली, तिच्यात 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंक आहेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती येऊन पडली तेव्हा खाली पहिली प्रतिक्रिया होती, ‘सापडली म्हणजे काय, हरवली होती का?’ दुसरी, ‘एवढे अंक मोजत कोण बसलं?’ आणि तिसरी, अर्थातच, ‘याचा उपयोग काय?’

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. बातम्यांमध्ये मात्र त्यांची उत्तरं नव्हती. होतं ते फक्त आश्चर्य.

आकार आधी डोळ्यांसमोर आणू. एकेक अंक अर्धा सेंटीमीटर रुंद लिहिला, तर ही संख्या सुमारे 205 किलोमीटर लांब होईल. मुंबईत लिहायला सुरुवात केली तर नाशिक ओलांडून पुढे जावं लागेल. सेकंदाला दोन अंक या वेगाने, न झोपता वाचायला 237 दिवस. आणि तरीही ही सगळी संख्या एका वाक्यात सांगता येते: 2चा 13,62,79,841वा घात करा आणि त्यातून 1 वजा करा. झालं.

205 किलोमीटरची संख्या एका ओळीत मावते, कारण तिला घडण आहे. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या घडणीच्या जोरावर.

पटावरचे तांदूळ

राजाने बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याला हवं ते माग म्हटलं. त्याने पटाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दामदुपटीने दाणे मागितले. गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. राजाचं कोठार रिकामं होतं तिथे ती संपते, पण आपलं काम तिथेच सुरू होतं.

एका घरापर्यंत एकूण दाणे 1. दोन घरांपर्यंत 3, तीन घरांपर्यंत 7, चारपर्यंत 15, पाचपर्यंत 31. दर वेळी एकूण बेरीज पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा नेमकी एकने कमी भरते. म्हणजे पाच घरांची बेरीज ही 2चा पाचवा घात वजा 1. चौसष्ट घरांची बेरीज 1,84,46,74,40,73,70,95,51,615. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची जी नावं दिली आहेत, त्यांतलं शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. राजाचं देणं 184 परार्धांच्याही वर गेलं होतं.

आपल्या संख्येचा पट मात्र 64 घरांचा नाही, 13 कोटी 62 लाख 79 हजार 841 घरांचा आहे. दुर्बिणींच्या आवाक्यातल्या अख्ख्या विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या लिहायला 81 अंक पुरतात. तेव्हा हे तांदूळ मनातच मोजायचे.

रांगोळीत न बसणारे दाणे

मूळ संख्या शाळेत शिकलेलीच असते: जिला 1 आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही ती. जिला जातो ती संयुक्त. ठिपक्यांच्या रांगोळीवरून हे चटकन कळतं. 12 ठिपके तीन ओळींत चार-चार मांडता येतात, दोन ओळींत सहा-सहाही. 13 ठिपक्यांचा असा आयत होतच नाही, एकच लांब रांग होते. 13 मूळ, 12 संयुक्त.

आता प्रश्न असा की पटावरचे सगळे दाणे गोळा केले, तर त्यांची आयताकार रांगोळी होते का? तीन घरांचे 7 दाणे: होत नाही. चार घरांचे 15: तीन गुणिले पाच, होते. पाच घरांचे 31: होत नाही. एकतीस घरांपर्यंत थांबलो तर 2,14,74,83,647 दाणे, आणि तीही मूळ संख्या आहे. गणितज्ञ ऑयलरने 1772मध्ये ते सिद्ध केलं. (हीच संख्या जुन्या 32 बिटांच्या संगणकांमधल्या घड्याळांची कमाल मर्यादा आहे. 1970च्या सुरुवातीपासून सेकंद मोजणारी ती घड्याळं 19 जानेवारी 2038 रोजी तिच्याशी येऊन अडतील.)

मग कोणत्या घरावर थांबलं की दाणे रांगोळीत बसत नाहीत?

नुसत्या एकांची रांग

संगणकाची द्विमान पद्धत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहायची पद्धत, पटावर छान समजते. ज्या घरातले दाणे घेतले त्यासाठी 1, जे घर सोडलं त्यासाठी 0. पाच दाणे हवेत तर चाराचं घर घ्या, दोनाचं सोडा, एकाचं घ्या: 101. आपण मात्र एकही घर सोडत नाही. त्यामुळे आपल्या संख्येचं द्विमान रूप म्हणजे 13 कोटी 62 लाख 79 हजार 841 वेळा नुसतं 1.

नुसत्या 1 या अंकाने बनलेल्या संख्यांचा नाद आपल्याकडे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना होता. 6174 या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ते जगभर माहीत झाले, पण त्यांच्या डेमलो संख्याही तितक्याच गमतीच्या आहेत. 11चा वर्ग 121, 111चा 12321, 1111चा 1234321. हे वर्ग त्याच कुटुंबातले. डेमलो हे रेल्वे स्टेशनचं नाव, आताचं डोंबिवली; तिथे ही कल्पना सुचली म्हणून संख्यांना ते नाव मिळालं. पुढच्या वेळी डोंबिवलीला गाडी चुकली तर आठवण ठेवा.

एकांच्या रांगेचा गुण असा की ती सारख्या तुकड्यांत तुटली की संख्याही तुटते. 111111 घ्या, सहा एक. तीन-तीनचे दोन गट पाडले तर ते होतात 111 गुणिले 1001. दोन-दोनचे तीन गट पाडले तर 11 गुणिले 10101. कॅल्क्युलेटरवर करून बघा, आपल्या रोजच्या दशमान पद्धतीतही उत्तर बरोबर येतं. याचा अर्थ घरांची संख्याच संयुक्त असेल, तर दाण्यांचीही संयुक्त असणार, बघायचीही गरज नाही. राजाच्या पटाला 64 घरं, दोन-दोनचे गट पडतात, म्हणून ते सगळे तांदूळ तिघांत समसमान वाटता येतात. एक दाणा उरत नाही.

तेव्हा घरांची संख्या मूळ हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. 11 मूळ आहे, तरी अकरा घरांचे 2047 दाणे म्हणजे 23 गुणिले 89. इथे खरी अडचण सुरू होते.

मर्सेनची यादी, कोलचा फळा

मारँ मर्सेन हा फ्रान्समधला धर्मगुरू. 1644मध्ये त्याने 257पर्यंत थांबण्याजोग्या घरांची एक यादी दिली. तपासायला साधनं नव्हती, त्यामुळे यादी चुकली: 67 आणि 257 त्यात नको होते, तर 61, 89 आणि 107 राहून गेले. तरी नाव त्याचंच लागलं. 2चा कुठला तरी घात वजा 1 अशी जी मूळ संख्या, तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

यातली 67ची गोष्ट मला सर्वांत आवडते. 1876मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की सदुसष्ट घरांची बेरीज मूळ नाही. पण तिला कशाने भाग जातो? ते त्यालाही माहीत नव्हतं. रांगोळी होते हे कळलं, किती ओळींची ते कळलं नाही! पुढे 1903मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल उठला, फळ्यापाशी गेला आणि काही न बोलता 193707721 गुणिले 761838257287 हा गुणाकार हाताने करून दाखवला. उत्तर 147573952589676412927. तेच सदुसष्ट घरांचे दाणे. तीन वर्षांचे रविवार यात गेले, असं त्याने नंतर सांगितल्याची आख्यायिका आहे.

संख्या तुटते हे ओळखणं वेगळं आणि ती कुठे तुटते हे शोधणं वेगळं. पहिलं त्या मानाने सोपं, दुसरं महाकठीण. हा फरक ध्यानात असू द्या, बँकेच्या गोष्टीत लागेल.

न लिहिता शेवटचा अंक

‘एवढे अंक मोजत कोण बसलं?’ कोणीच नाही. आज मंगळवार आहे, तर शंभर दिवसांनी कोणता वार? आपण शंभर दिवस मोजत नाही. शंभराला सातने भागतो, बाकी 2 उरते, म्हणून गुरुवार. मोठ्या संख्येचं पुष्कळसं गणित या बाकीच्या युक्तीवर चालतं.

2चे घात लिहीत गेलो तर शेवटचे अंक येतात 2, 4, 8, 6, पुन्हा 2, 4, 8, 6. चारचा फेरा. 13,62,79,841ला चारने भागलं की बाकी 1. म्हणजे फेऱ्यातला पहिला अंक, 2. त्यातून 1 वजा केला की 1. आपल्या 4 कोटी अंकी संख्येचा शेवटचा अंक 1 आहे, आणि हे आपण बोटांवर काढलं.

जुन्या मास्तरांचा नवाचा ताळाही लावता येतो. अंकांची बेरीज एकअंकी होईपर्यंत करत राहिलं, तर 2चे घात देतात 2, 4, 8, 7, 5, 1 आणि परत तेच. सहाचा फेरा. 13,62,79,841ला सहाने भागून बाकी 5, म्हणून पाचवा अंक 5, वजा 1, उत्तर 4. नाशिकपलीकडे गेलेल्या त्या सगळ्या अंकांची बेरीज करत सुटलात तर शेवटी हाती 4 उरणार. पाच घरांच्या 31चंही तेच होतं: तीन अधिक एक.

अंकांची संख्यादेखील लॉगॅरिदमने, एका गुणाकारात निघते.

भागाकार न करता निकाल

आता मुख्य मुद्दा. ही संख्या मूळ आहे हे कसं ठरवलं? लहानपणी शिकलेली रीत म्हणजे 2, 3, 5, 7 असं एकेकाने भागून बघणं. इथे ती कामाची नाही. भागून बघायच्या संख्या 2 कोटी अंकांपर्यंत जातात. घडणीची थोडी मदत होते. मूळ संख्येइतकी घरं असलेल्या पटाला भाग जायचाच तर तो घरांच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जातो. 2047 बघा: 23 म्हणजे 22 अधिक 1, 89 म्हणजे 88 अधिक 1. या नियमाने आपल्या संख्येला 27 कोटी 25 लाखांखालच्या कुठल्याच संख्येने (1 सोडून) भाग जाऊ शकत नाही, हे बसल्या जागी कळतं. पण 27 कोटी म्हणजे इथे समुद्रातला थेंबही नाही.

तोडगा ल्यूकाचाच, 1930मध्ये डेरिक लेमर या अमेरिकी गणितज्ञाने सोपा केलेला. 4पासून सुरुवात करा. संख्येचा वर्ग करा, 2 वजा करा, आपल्या दाण्यांच्या बेरजेने भागून फक्त बाकी ठेवा. तिचं पुन्हा तेच करा. घरांच्या संख्येपेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करून शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

पाच घरांवर करून बघू. बेरीज 31, फेऱ्या तीन. 4चा वर्ग 16, वजा 2, 14. 14चा वर्ग 196, वजा 2, 194. 31ने भागून बाकी 8. 8चा वर्ग 64, वजा 2, 62. 31ने भागून बाकी शून्य. म्हणून 31 मूळ. अकरा घरांवर नऊ फेऱ्या केल्या की शेवटी 1736 उरतात, शून्य नाही. 2047 संयुक्त, आणि या सगळ्यात 23 किंवा 89 कुठेही दिसले नाहीत. ल्यूकाला 67चं कळलं पण अवयव कळले नाहीत, ते याच जातीच्या कसोटीमुळे.

रीत का चालते याची सिद्धता मी इथे देत नाही, तिला वेगळी बैठक लागते. पण रीत एवढी साधी असताना ती आपल्या संख्येवर करायची म्हणजे काय? 4 कोटी अंकी संख्येचा वर्ग, 13 कोटी 62 लाख वेळा. एक वर्ग शाळेच्या रीतीने करायचा तर एकअंकी गुणाकारच 17 कोटी कोटींच्या आसपास होतात. म्हणून ‘फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म’ नावाची युक्ती वापरतात. संख्येचे तुकडे करून त्यांना जणू आवाजाच्या लहरी मानायचं, लहरींचा गुणाकार सोपा असतो, मग परत संख्येत यायचं. मोबाइलवरच्या गाण्याची फाइल लहान करायला याच कुळातलं गणित लागतं.

‘बहुधा’पासून ‘नक्की’पर्यंत

ही शोधाशोध ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’, थोडक्यात जिम्प्स, या प्रकल्पात चालते. जॉर्ज वोल्टमनने 1996मध्ये तो सुरू केला. हजारो हौशी लोक आपापले संगणक रिकाम्या वेळात कामाला लावतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात. नवी संख्या सापडली ती ल्यूक ड्युरँटला. एनव्हिडिया कंपनीत पूर्वी काम केलेल्या या तरुणाने 17 देशांतल्या डेटा सेंटरांमधले ग्राफिक्स प्रोसेसर एकत्र जुंपले. त्यांतल्या डब्लिनमधल्या एकाने 11 ऑक्टोबर 2024 रोजी ‘बहुधा मूळ’ असा कौल दिला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओमधल्या दुसऱ्या प्रोसेसरने ल्यूका-लेमर कसोटीने तो पक्का केला.

संगणक चुकला असेल तर? शंका बरोबर आहे. 13 कोटी फेऱ्यांत एकदा एक बिट इकडचं तिकडे झालं तरी सगळं वाया. म्हणून निकाल जाहीर करण्याआधी वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमनी तीच कसोटी पुन्हा पुन्हा लावली. खतावणीचा ताळा दुसऱ्या कारकुनाकडून करून घेतात तसंच. आणि चुकून शून्य येणं हे चुकून इतर काहीही येण्यापेक्षा फार दुर्मिळ असतं.

मग ही सर्वांत मोठी?

नाही. सर्वांत मोठी ‘माहीत असलेली’. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं. हाती असतील तेवढ्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, 1 मिळवा. आलेल्या संख्येला त्यांपैकी कोणीही भागलं तरी 1 उरतो. म्हणजे ती संख्या स्वतः मूळ असेल किंवा तिला भागणारी मूळ संख्या तुमच्या यादीबाहेरची असेल. (‘स्वतः मूळच असते’ असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. 2, 3, 5, 7, 11, 13 यांचा गुणाकार अधिक 1 म्हणजे 30031, आणि तो 59 गुणिले 509.)

मधल्या सगळ्या सापडल्या असंही नाही. याआधीचा विक्रम 2018चा, 2 कोटी 48 लाख 62 हजार 48 अंकांचा. कुठलीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये किमान एक मूळ संख्या असतेच, हे एकोणिसाव्या शतकापासून सिद्ध आहे. 2018च्या संख्येपासून नव्या संख्येपर्यंत 5 कोटी 36 लाख वेळा दुप्पट होते. म्हणजे दोघींच्या मध्ये निदान तेवढ्या मूळ संख्या आहेत, खरं तर त्याहून कितीतरी जास्त, आणि नवी संख्या सापडली तेव्हा त्यांतली एकही कोणाला माहीत नव्हती. त्या ‘हरवलेल्या’ म्हणायला हरकत नाही. त्यांतल्या बहुतेकींना एकांच्या रांगेसारखी घडण नाही, म्हणून त्यांच्यासाठी ल्यूकासारखी स्वस्त कसोटी नाही. कुठल्याही संख्येला चालेल अशी खात्रीची आणि तत्त्वतः झटपट रीत 2002मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. सिद्धांत म्हणून ती मोठीच झेप होती, पण 4 कोटी अंकांपुढे प्रत्यक्षात तिचाही दम निघतो.

उपयोग काय?

या विशिष्ट संख्येचा? व्यवहारात काही नाही. ‘यामुळे तुमचे बँक व्यवहार सुरक्षित होतील’ असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. बँकेच्या कुलपात मूळ संख्या असतात हे खरं. आरएसए नावाच्या पद्धतीत साधारण तीनशे-तीनशे अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात आणि त्या दोन संख्या गुप्त. कुलूप टिकतं ते कोलच्या रविवारांमुळे: संख्या तुटते हे सगळ्या जगाला माहीत, कुठे तुटते ते शोधायची झटपट रीत कोणाकडे नाही. पण त्या संख्या कोणालाही ठाऊक नसलेल्या हव्यात. वर्तमानपत्रात छापून आलेली मूळ संख्या म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली.

उपयोग शोधण्याच्या वाटेवर झाला. 2016मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांमधला एक दोष जिम्प्सचाच प्रोग्रॅम चालवताना उघडकीला आला होता. सलग कित्येक दिवस एकही चूक न करता गुणाकार करत राहणं ही यंत्राची कडक परीक्षा असते, आणि उत्तर चुकलं तर ते ताबडतोब कळतं.

बाकी, खरं सांगायचं तर, लोक हे हौस म्हणून करतात. ड्युरँटला जिम्प्सचं बक्षीस होतं 3,000 डॉलर. 10 कोटी अंकांची मूळ संख्या पहिल्यांदा शोधणाऱ्यासाठी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दीड लाख डॉलर ठेवले आहेत. पटावरूनच तिकडे जायचं तर निदान 33 कोटी 21 लाख घरं लागतील, आणि त्यापुढच्या नेमक्या कोणत्या घरावर थांबायचं ते एकेक घर तपासूनच कळणार.